डोंगर मागे ढकल

आम्ही घाटकोपर पश्चिमेला डोंगरावर राहायचो, तरी तो डोंगर मी नववीत जाईपर्यंत पाहिलेला नव्हता. हे सांगितलं की लोक हसतात. पण डोंगरावर राहणाऱ्याला डोंगर दिसत नाही. त्याला पायऱ्या दिसतात, गटार दिसतं, वरच्या ओळीतून आपल्या पत्र्यावर ओतलेलं खरकटं पाणी दिसतं. आमच्या ओळीच्या पाठीमागे खडक होता आणि त्याला आम्ही भिंतच समजायचो. कॅलेंडर अडकवायला आईने त्यात खिळा ठोकायचा प्रयत्नही करून पाहिला होता. तीन भिंती वडिलांनी बांधल्या, चौथी फुकटात मिळाली, एवढाच आमचा डोंगराशी संबंध.

मला चित्रांचं वेड होतं. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी ते हेरलं आणि रविवारी सकाळी घरी येत जा म्हणाले. सर पूर्वेला, रुळांच्या पलीकडे, एका चार मजली इमारतीत राहायचे आणि गच्चीची चावी त्यांच्याकडे असायची. वयात आलेल्या पोरीला परक्या गच्चीवर कसं पाठवायचं म्हणून आईने आधी नाक मुरडलं. मग एकदा स्वतः येऊन बघून गेली. सरांची बायको तिथेच कठड्याच्या सावलीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसते, हे पाहिल्यावर तिचा विरोध मावळला.

ऐंशीच्या दशकाचे मधले दिवस होते ते. त्या भागात उंच इमारती अजून फारशा उठल्या नव्हत्या, गच्चीवरून पश्चिमेचं सगळं मोकळं दिसायचं. पहिल्या रविवारी सरांनी मला कठड्याशी उभं केलं आणि म्हणाले, हा घे तुझा डोंगर.

मी घाबरले. त्याला दुसरा शब्द नाही. आमची वस्ती त्याच्या खालच्या अंगाला होती, पातेल्याच्या बुडाला भात करपून लागावा तशी. आणि तिच्यावर नुसता डोंगर, वर, आणखी वर, कोणी धरलेला नाही, कशाला टेकलेला नाही. एवढं सगळं आपल्या डोक्यावर आहे आणि आपण त्याच्याखाली रोज जेवतो, भांडतो, झोपतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. घरी आल्यावर मी खडकाशेजारची माझी जेवायची जागा धाकट्या भावाला दिली. मग त्याचीही भीती वाटायला लागली, म्हणून त्याला ताटासकट अलीकडे ओढलं. माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं आईला वाटलं.

सरांनी माझ्या डबीतला काळा रंग पहिल्याच दिवशी काढून घेतला. काळ्याने अंतर मरतं, असं त्यांचं म्हणणं. सावली हवी तर निळ्यात तपकिरी घाल, पण काळ्याला हात लावायचा नाही. माझ्या पहिल्या चित्रात मी दगडन् दगड काढला होता, सगळ्याला काळी किनार. सरांनी ते लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "तू डोंगराला चिकटून उभी आहेस. मागे ढकल त्याला."

मागे ढकल म्हणजे काय, हे शिकण्यात माझा हिवाळा गेला. लांबचं ते फिकट, लांबचं ते निळसर, लांबच्या कडा मऊ. कागद आधी पाण्याने ओला करायचा, आकाशाचा रंग त्यावर सोडायचा, आणि तो पुरता सुकायच्या आत डोंगराचा पातळ रंग त्याला भिडवायचा, म्हणजे कड आपोआप विरघळते. जवळचं मात्र कोरड्या कागदावर, दाट आणि ठसठशीत: रुळांकडेचं झाड, पाण्याची टाकी, कारखान्याचे पत्रे. तुझ्या आणि डोंगराच्या मध्ये हवा आहे, ती काढ, असं ते सतत म्हणायचे. दिसत नाही ती काढायची कशी, असं मी एकदा चिडून विचारलं. त्यावर ते म्हणाले, तिच्यातून जे दिसतं ते फिकं काढलं की ती आलीच.

मला तर तो डोंगर खरोखरच मागे ढकलायचा होता. ब्रश पाण्यात बुचकळून मी त्याला फिका करायचे, आणखी फिका, आणि कागदावर तो हलका होऊन लांब सरकला की मला श्वास घेता यायचा. बाकीची मुलं चित्र चांगलं व्हावं म्हणून राबतात. माझं तसं नव्हतं. आणि पायथ्याशी, जिथे आमची घरं होती, तिथे मी दर वेळी धुकं सोडायचे. ओला कागद, वर जरासा दुधट निळा, की घरं गेली. सर त्यावर खूश असायचे. धुकं तुला छान जमतं, म्हणायचे. मी ते कशासाठी करते हे त्यांना कुठे ठाऊक होतं!

एप्रिलात गवत वाळलं आणि डोंगर पिवळा पडला. तेव्हा मला ती रेघ दिसली. आमच्या ओळीच्या बरीच वर, माथ्याच्या जरा खाली, आडवी, थोडी वाकडी. मी ती काढली. सरांनी ओला ब्रश घेऊन ती पुसून टाकली आणि म्हणाले, इतक्या लांब इतका काळोख नसतो, पुन्हा चिकटलीस डोंगराला. पुढच्या रविवारी मी ती पुन्हा काढली. सर वैतागले. एवढं साधं डोक्यात शिरत नाही का, म्हणाले. त्यांनी पुन्हा पुसली. तो कागद तिथे सोलवटून वर आला.

तिसऱ्यांदा त्यांनी ब्रश उचलला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "सर, ती आहे."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि कठड्याशी जाऊन बराच वेळ पाहिलं. मग वळले, पण माझ्याकडे न बघता चित्राकडे बघत म्हणाले, "एवढ्या हवेतून एवढी गडद दिसते. मग जवळून केवढी असेल?"

त्यांचा आवाजही घाबरलेला होता. तोवर भित्री मी एकटी होते, त्यात एक सोय होती. मोठ्या माणसाला तुमचं भय पटलं की पळायला जागा उरत नाही.

वडील एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी थट्टा केली नाही. पुढच्या रविवारी माझ्याबरोबर गच्चीवर आले. त्यांची नजर अधू झालेली, चष्मा करायचं वर्षानुवर्षं लांबणीवर टाकलेलं. डोंगराकडे बघून त्यांना काही उमगेना. तेव्हा सरांनी माझी जुनी चित्रं त्यांच्यासमोर मांडली. वडिलांनी एकेक उचलून डोळ्यांजवळ धरलं. रेघेचं राहिलं बाजूला, त्यांनी भलतंच विचारलं.

"बाय, घरं खंय आपली?"

धुक्यात आहेत, मी म्हटलं.

"मे महिन्यात धुका?"

का नाही काढलीस, असं त्यांनी हळूच विचारलं. भीती वाटते म्हणून, असं मी सरांसमोरच सांगून टाकलं. घरं काढली की त्यांच्यावर डोंगर काढावा लागतो. वडिलांनी चित्रं नीट एकावर एक ठेवली. आपण वर जाऊन येऊ, असं ते सरांना म्हणाले.

दोघं त्याच दुपारी माथ्यावर चढले. सर तोवर कधी आमच्या वस्तीत आले नव्हते. धोतर खोचून, धापा टाकत त्यांना पायऱ्या चढताना पाहून सगळी ओळ दारात आली. परत आले तेव्हा वडिलांचा सदरा खांद्यापर्यंत मातीने माखला होता. भेगेत हात घातला तर तळ लागला नाही, म्हणाले. कडेचा गवताचा पट्टा एका बाजूला वीतभर खाली बसला होता. सरांनी पाणी मागितलं आणि प्यायला विसरले.

यानंतर एखाद्या शहाण्या माणसाला वाटेल की तक्रार करावी, साहेब येतील, काही करतील. वडिलांनी तसं ओळीतल्या पुरुषांना बोलून दाखवलं. त्यावर जो गदारोळ झाला तो मी दाराआडून ऐकला. आमच्यातलं एकही घर कागदावर नव्हतं. साहेब आले तर डोंगर बघायच्या आधी आमचे पत्रे बघतील, आणि पावसाच्या तोंडावर घरं पाडून जातील, हे लहान पोरालाही कळत होतं. पोरीच्या चित्रावरून सगळ्यांची वाट लावू नकोस, असं एकाने सुनावलं. दुसरा म्हणाला, जायचं तर तू जा, खाली तोंड उघडलंस तर बघ. वडील घरात आले आणि बराच वेळ चप्पल हातात घेऊन उभे राहिले. वरून डोंगराची भीती होतीच, आता खालून हातोड्याचीही होती.

आई तर जायला तयारच नव्हती. तिचं सगळं आयुष्य त्या खोलीत ओतलं होतं. तिथली लादी तिने निवडून आणली होती, नळासाठी ती ओळीतल्या प्रत्येकीशी भांडली होती. "आमी खंय जातलों?" ती म्हणाली. "डोंगर काय आज इलो? आमी येवच्या आधीपास्ना तो हंयच आसा." वडिलांनी वाद घातला नाही. पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर पाठीमागच्या खडकातून पाणी झिरपायला लागलं. त्यात नवीन काही नव्हतं, दर वर्षी झिरपायचं. पण या वेळी ते लाल होतं. आईने बोट लावून पाहिलं, बोटाकडे बघत राहिली, आणि मग फडताळातली भांडी खाली काढायला लागली.

आम्ही चेंबूरला आत्याकडे गेलो. एक खोली, त्यात ती तिघं आणि आम्ही चौघं. दिवाळीपर्यंतच, असं वडील सगळ्यांना सांगत होते.

शेजारच्या काकी मात्र हलल्या नाहीत. आमची आणि त्यांची भिंत एक, आईचं आणि त्यांचं दिवसातून दोनदा भांडण आणि चारदा चहा. त्या साताऱ्याकडच्या, बोलायला फटकळ. वडील त्यांना समजवायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, आमच्या गावात डोंगराच्या पोटातच घरं हायती, आम्हाला नगा भ्या दावू. खरं कारण निराळं होतं आणि ते आईला ठाऊक होतं. त्यांना जायला कुणाचं घरच नव्हतं. काका रात्रपाळीला वॉचमन, दोन लहान मुलं, आणि इथे असा एकही नातेवाईक नाही ज्याच्या दारात बिछाना घेऊन उभं राहता येईल. आईने त्यांना आत्याकडे या म्हटलं होतं. आधीच सात माणसं असलेल्या खोलीत, परक्याकडे, भीतीपोटी येऊन पडायला काकी तयार नव्हत्या. तेवढा मान त्यांना होता.

श्रावणात एका आठवड्यात पाऊस थांबेचना. मी चेंबूरच्या खिडकीतून घाटकोपरची दिशा बघत बसायचे. डोंगर दिसत नव्हता, कुठलाच डोंगर दिसत नव्हता, सगळं करडं. मला जेवण जात नव्हतं. आत्याचा मुलगा मला चिडवायचा की हिला पाऊस आला की ताप येतो. तिसऱ्या दिवशी आई उठली, कुंकवाचा करंडा पदराच्या गाठीत बांधला आणि छत्री घेऊन बाहेर पडली. कुठे चाललीस विचारलं तर म्हणाली, उद्या जिवतीचा शुक्रवार, सवाष्ण सांगायला चालले.

मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं तसा तिच्या डोक्याचा अचंबा वाटत राहिला. भीतीने बोलावलं तर काकी येणार नव्हत्या. पण श्रावणातल्या शुक्रवारी घरी येऊन, कपाळाला कुंकू लावून, जेवायला या म्हणून सवाष्णीला सांगितलं तर नाही म्हणता येत नाही. आणि जिवती ही मुलांची. पुरणाच्या दिव्यांनी मुलांना ओवाळायचं असतं, तेव्हा मुलांना घेऊन या, त्यांनाही ओवाळते, असं आईने निक्षून सांगितलं. काकी तिला म्हणाल्या, एवढ्या पावसात येडी का खुळी तू. पण आल्या. ठेवणीतली साडी पिशवीत घेऊन, भिजत, दोन्ही मुलांना दोन हातांना धरून आल्या.

आईने पुरण घातलं, मुलांना ओवाळलं, काकींची ओटी भरली. जेवणं झाली तोवर कुर्ल्याच्या बाजूला पाणी भरलं होतं आणि बस बंद झाल्या होत्या. काकींचा जीव घराकडे. काका रात्री कामावर जातील, घर उघडं पडेल, आतबाहेर करत होत्या. आई शांतपणे म्हणाली, उद्या जा. तिने त्यांच्यासाठी चादर आधीच काढून ठेवली होती.

शनिवारी सकाळी मी दारात दूध घेत होते तेव्हा काका आले. कमरेपर्यंत चिखल, पायात एकच चप्पल. घाटकोपरहून चालत आले होते. काकी आतून बोलत बाहेर आल्या, की येवढी काय घाई होती न्यायला, मी निघालेच होते. काकांनी दोन्ही मुलांच्या डोक्यावर हात ठेवले, ती खरी आहेत का हे बघितल्यासारखे, आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसले.

रात्रपाळी संपवून ते पायऱ्या चढत गेले होते. ओळच नव्हती. आमचं घर, त्यांचं घर, कोपऱ्यावरचं टीव्हीवाल्यांचं घर, जिथे रविवारी आम्ही सगळी पोरं दाटीवाटीने बसायचो. पहाटे डोंगर खाली आला म्हणतात. ओळीत जी माणसं झोपलेली होती त्यातली बरीचशी गेली. वडिलांना ज्याने तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, तोही गेला आणि त्याची आईही.

काका हे सांगत होते तेव्हा आई उभी होती, तशीच उभी राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कौतुक नव्हतं, दिलासाही नव्हता. ती मला घाबरली होती, असं मला वाटलं, आणि तसंच मला अजूनही वाटतं.

पाऊस संपल्यावर सरांनी निरोप धाडला की गच्ची उघडी आहे. मी गेले, पण डोंगर काढायला बसवेना. त्याच्या अंगावर तांबडा ओरखडा होता, माथ्यापासून खालपर्यंत, आणि तो मागे ढकलला जात नव्हता, कितीही पाणी घातलं तरी. सरांनी मला टाकी काढायला दिली.

पण लोक यायला लागले. वस्तीत कुणीतरी सांगितलं असणार की त्या पोरीला गच्चीवरून दिसतं. बाजूच्या ओळींतले, पलीकडच्या सोंडेवरचे, कधी न पाहिलेले लोक सरांच्या दारात उभे राहायचे. गच्चीवर येऊन आपलं घर बोटाने दाखवायचे, तो निळा पत्रा, तो बघ, आमच्यावर बघ ना गं काय दिसतं का. मी पंधरा वर्षांची होते. सर त्यांना सांगायचे की हिला यातलं काही कळत नाही, ही चित्रं काढते. ते ऐकून घ्यायचे आणि तरीही माझ्याच तोंडाकडे बघत राहायचे.

पुढच्या वर्षी काकींनी पुन्हा घर घातलं. त्याच डोंगरावर, जरा उत्तरेला. दुसरीकडे कुठे घालणार होत्या? जागा पक्की करण्याआधी त्या एका रविवारी गच्चीवर आल्या. त्यांना पहिल्यांदाच तो डोंगर लांबून दिसत होता. थोडा वेळ तोंडावर पदर धरून पाहिलं, मग मला ती जागा दाखवली आणि म्हणाल्या, "नीट बघ पोरी. तू सांगशील तसं."

मी पाहिलं. डोळे दुखेपर्यंत पाहिलं. त्यांच्या जागेच्या वर गवत होतं, खडक होता, आणि त्यावर सकाळची हवा. कुठे रेघ नव्हती, कुठे सावली नव्हती, सगळं मऊ, फिकट, निळं.

"काही दिसत नाही, काकी," मी म्हटलं. ते खरं होतं.

काकींनी मोठा श्वास सोडला, माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि सरांच्या बायकोने दिलेला चहा उभ्याउभ्याच पिऊन टाकला. आत्ताच जाऊन सांगते ह्यांना, म्हणाल्या. मला त्यांना थांबवायचं होतं. दिसत नाही म्हणजे नाहीच असं नसतं, एवढं एकच सांगायचं होतं. पण माझी जीभ उचलेपर्यंत त्या जिन्याचे दोन मजले उतरून गेल्या होत्या.